बिऱ्हाडे मोजणारे गावकूस



अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या आपल्या एका बांधवाचे पत्र मजकडे आले आहे. गृहस्थ इंजिनिअर आहेत. वडील गिरणीत बदली कामगार होते आणि आजोबांचे सारे आयुष्य गावकुसाबाहेर गेले. आज त्यांचे स्वतःचे घर आहे, घरापुढे हिरवळ आहे, मागे परसू आहे. ते लिहितात, "वकीलसाहेब, आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरील प्लॉटवर चार बिऱ्हाडांची इमारत बांधण्याचा अर्ज आला आहे. शेजाऱ्यांनी विरोधाचे निवेदन तयार केले असून त्यावर माझी सही मागितली आहे. गर्दी वाढेल, घरांच्या किमती उतरतील, असे त्यांचे म्हणणे. सही करण्यात कायद्याने काही गैर आहे काय?"

कायद्याने काहीही गैर नाही, असे उत्तर मी त्यांना उलट टपाली कळविले. परंतु जो प्रश्न त्यांनी विचारला नाही तोच खरा प्रश्न आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. आपली कितीतरी मुले आज परदेशी घरमालक झाली आहेत. म्हणून त्याचे उत्तर या पानांवरून जाहीरपणे देणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम हा नियम काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकेत बहुतेक नगरांची जमीन कायद्याने विभागलेली असते. याला तेथे झोनिंग म्हणतात. कारखाने कोठे, दुकाने कोठे आणि घरे कोठे, हे त्यात ठरते. येथवर कोणाचीही तक्रार असू नये. पण घरांसाठी राखलेल्या जमिनीची पुन्हा वाटणी होते. अनेक शहरांत निवासी जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग केवळ एककुटुंबी स्वतंत्र घरांसाठी राखून ठेवलेला आहे. अशा प्लॉटवर मालकाने दहा खोल्यांचा वाडा बांधला तर तो कायदेशीर ठरतो. पण तेवढ्याच उंचीच्या, तेवढ्याच भिंतींच्या आत त्याने दोन चुली मांडून दोन कुटुंबे राहू दिली, तर ते बेकायदेशीर होते. म्हणजे आक्षेप विटांना नाही, उंचीला नाही. आक्षेप बिऱ्हाडांच्या संख्येला आहे. ज्याला अख्खा प्लॉट आणि त्यावरचे अख्खे घर घेण्याची ऐपत नाही, त्याने या वस्तीत राहावयास येऊ नये, हा त्या नियमाचा सरळ अर्थ होय.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. त्याची जन्मपत्रिका पाहण्यासारखी आहे. १९१० साली बाल्टिमोर शहराने उघडउघड वर्णाच्या आधारे रस्ते वाटून देणारा कायदा केला. ज्या रस्त्यावर गोरे अधिक तेथे कृष्णवर्णीयाने राहावयास जाऊ नये, आणि जेथे कृष्णवर्णीय अधिक तेथे गोऱ्याने जाऊ नये. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराने तेच केले. १९१७ साली बुकॅनन विरुद्ध वॉर्ली या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने लुईव्हिलचा कायदा रद्द ठरविला. मात्र न्यायालयाने मुख्य आधार घेतला तो मालकाच्या मालमत्ता विकण्याच्या हक्काचा. माणसाच्या समतेचा नव्हे.

तेच १९१७ साल आपल्यालाही विसरता येत नाही. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ विद्याभ्यास करून, तेथून लंडनला जाऊन बाबासाहेब मायदेशी परतले आणि नोकरीसाठी बडोद्यास गेले. त्या विद्वानाला बडोद्यात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले, आणि ओळख पटताच हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी होती, पदवी होती, भाडे देण्यास पैसा होता. नव्हते ते फक्त घर. राहण्याच्या जागेचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न नाही. तो माणूस म्हणून गणले जाण्याचा प्रश्न आहे, हे आपल्याइतके दुसरे कोण जाणतो?

असो. वर्णाचे नाव घेऊन माणसाला वस्तीबाहेर ठेवता येत नाही, हे १९१७ साली ठरले. मग नाव न घेता ते कसे करावे? त्याचा मार्ग तयार होताच. कॅलिफोर्नियातील बर्कली नगराने १९१६ साली केवळ एककुटुंबी घरांचा विभाग निर्माण केला. असा विभाग प्रथम तेथेच झाला, असे सामान्यतः मानले जाते. योगायोग असा की त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोलंबियात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. एखादा वर्ग स्वतःचे दार आतून लावून घेतो तेव्हा त्याची जात बनते, हे त्यातील प्रतिपादनाचे मर्म. दार लावून घेण्याची कला एकट्या हिंदुस्थानची मिरासदारी नव्हे!

१९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड गावचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथील जिल्हा न्यायाधीशाने १९२४ साली स्पष्ट लिहून ठेवले होते की या नियमांचा अंतिम परिणाम लोकांची त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे व जीवनातील स्थानाप्रमाणे वर्गवारी करून त्यांना वेगळे ठेवणे हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सहा विरुद्ध तीन मतांनी झोनिंग वैध ठरले, आणि एककुटुंबी घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीला निकालपत्रात बांडगुळाची उपमा मिळाली. लक्षात घ्या, बांडगूळ ठरली ती नुसती इमारत नव्हे. तिच्यात राहणारा भाडेकरू बांडगूळ ठरला.

हा नियम कुटुंबाच्या आत कोठवर शिरतो, तेही पाहा. त्याच ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलंड नगराने 'एक कुटुंब' कशाला म्हणावे याची व्याख्याच केली. इनेझ मूर नावाच्या कृष्णवर्णीय आजीजवळ तिचे दोन नातू राहत होते. ते सख्खे भाऊ नसून चुलत भाऊ होते, एवढ्यावरून तिचे घर बेकायदेशीर ठरले, आणि तिला पाच दिवसांची कैद व पंचवीस डॉलर दंड अशी शिक्षा झाली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आपल्या घरांत आजीच्या पदराखाली चुलत भावंडे वाढतात. त्या नगरात आपली आजी गुन्हेगार ठरली असती.

आता कायद्याचा अभ्यासक म्हणून मी मुख्य मुद्द्याकडे येतो. शिकागोजवळचे आर्लिंग्टन हाइट्स हे गाव. १९७० च्या शिरगणतीत तेथील ६४,००० रहिवाशांपैकी कृष्णवर्णीय किती होते? सत्तावीस. तेथे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १९० घरे बांधण्याची योजना आली. ती जमीन एककुटुंबी विभागात होती आणि गावाने विभाग बदलून देण्यास नकार दिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिणाम विषम झाला एवढे दाखवून भागणार नाही. राज्यघटनेचा भंग सिद्ध करावयाचा तर वर्णभेदाचा हेतू सिद्ध केला पाहिजे.

हेतू! वाचकहो, महारवाडा गावाबाहेर का, असे कोणा पाटलाला विचारले असते तर त्याने द्वेषाचे नाव घेतले असते काय? रीत आहे, वहिवाट आहे, गावाची घडी आहे, असेच तो म्हणाला असता. पिढ्यान्‌पिढ्या अन्याय करणाऱ्या व्यवस्थेला हेतूची गरजच उरत नाही. नियम आपोआप काम करतो आणि माणसे निर्दोष राहतात. म्हणून कायद्याची परीक्षा त्याच्या तोंडच्या शब्दांवरून करू नये. त्याच्या हातून काय घडते, त्यावरून करावी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, १९६८ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेत घरांच्या व्यवहारातील भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्याखाली केवळ विषम परिणामावरूनही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते २०१५ साली, आणि तेही पाच विरुद्ध चार मतांनी. सत्तेचाळीस वर्षे लागली.

याहून धीट पाऊल पत्रलेखकाच्याच न्यू जर्सी राज्याने टाकले. माउंट लॉरेल या गावात कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. घरे मोडकळीस आली तेव्हा त्यांनी ३६ साध्या बिऱ्हाडांची परवानगी मागितली. नगराने ती नाकारली. एथेल लॉरेन्स या बाईंनी तो लढा न्यायालयात नेला. १९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जमीन विभागण्याचा अधिकार हा सर्व जनतेच्या हितासाठी आहे. म्हणून प्रत्येक वाढत्या नगराने आपल्या प्रदेशातील अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. नगरांनी टाळाटाळ केली, म्हणून १९८३ साली न्यायालयाला पुन्हा कठोर आज्ञा करावी लागली. लॉरेन्सबाई १९९४ साली वारल्या. त्यांच्या नावाची घरे त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली. त्या निर्णयातून निघालेल्या जबाबदारीची चौथी, दहा वर्षांची फेरी २०२५ साली सुरू झाली आहे. म्हणजे आमच्या बांधवासमोरचे निवेदन कोपऱ्यावरच्या एका प्लॉटपुरते नाही. ते या पन्नास वर्षांच्या लढ्यातील एक मत आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप किमतीचा. माझ्या घराची किंमत शेजारी गरीब नसण्यावर अवलंबून असेल, तर ती किंमत घराची नव्हे. ती कुंपणाची आहे. दुसरा आक्षेप वस्तीच्या 'स्वरूपा'चा. गावाचे स्वरूप बिघडेल, विहीर बाटेल, देऊळ बाटेल, ही भाषा आपण ऐकलेली आहे. तिसरा आक्षेप शाळेतील गर्दीचा, आणि तोच सर्वांत बोलका आहे. अमेरिकेत सरकारी शाळेचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ताकरातून येतो आणि मूल बहुधा आपल्या वस्तीतल्या शाळेत जाते. म्हणून घराचे कुंपण हेच शाळेचे कुंपण होते. शिक्षणासाठी वर्गाबाहेर बसावे लागलेल्यांच्या वंशजांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. परवानगी म्हणजे घर नव्हे. मिनिआपोलिस शहराने २०१८ साली प्रत्येक निवासी प्लॉटवर तीन बिऱ्हाडांना मुभा देण्याचे ठरविले. ओरेगॉन राज्याने २०१९ साली व कॅलिफोर्नियाने २०२१ साली तशा अर्थाचे कायदे केले. मिनिआपोलिसमध्ये त्या मुभेतून फारशी इमारती उभ्या राहिल्या नाहीत, आणि पर्यावरणाच्या नावाने भरलेल्या दाव्याने ती योजनाच काही काळ अडवून धरली. नवी घरे पहिल्या दिवसापासून गरिबाला परवडतीलच असेही नाही. मनाईचा कायदा उठविणे ही समतेची पूर्तता नव्हे, हे मला मान्य आहे. पण ती समतेची पहिली अट आहे. चवदार तळ्याचे पाणी पिऊन कोणाचे दारिद्र्य फिटणार नव्हते. तरीही १९२७ साली आपण तळ्यावर गेलो.

आणि आपल्या देशाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, प्रथम तुमचे घर झाडा. खरेच आहे. जमिनीच्या करारांत कृष्णवर्णीयांना विक्री न करण्याच्या ज्या अटी असत, त्या न्यायालयांनी अंमलात आणू नयेत, असे अमेरिकेत १९४८ सालीच ठरले. आपल्याकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहसंस्थेचा सभासदत्व पारशांपुरतेच ठेवण्याचा नियम वैध मानला. ती लढाई आपल्याला येथे लढावयाचीच आहे. पण येथे जो न्याय मागतो, त्याने तेथे तोच नाकारावा काय? हक्क हा पारपत्राबरोबर बदलणारा जिन्नस नव्हे.

म्हणून त्या बांधवाला माझे सांगणे असे. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे अशा अर्जाची नोटीस प्लॉटपासून दोनशे फुटांच्या आतील मालकांना जाते. मालकांना, भाडेकरूंना नव्हे. विभागात मुळातच निषिद्ध असलेला वापर मंजूर करावयाचा तर सात सदस्यांच्या मंडळातील पाच मते अनुकूल लागतात. तिघांनी मान हलविली की अर्ज संपला. ज्या चार कुटुंबांना तेथे राहावयाचे आहे त्यांना नोटीस नाही, खुर्ची नाही, आवाज नाही. ती अजून कोठेतरी लांब, अधिक भाड्याच्या दोन खोल्यांत आहेत. सुनावणीच्या दिवशी त्या सभागृहात त्यांच्या बाजूचे कोणी असेल तर ते तुम्हीच असाल.

तेव्हा सही करू नका, एवढेच सांगून मी थांबत नाही. सुनावणीला जा. उभे राहा. आपले नाव व पत्ता सांगा, आणि म्हणा की मी या रस्त्यावरचा मालक आहे व माझी या घरांना हरकत नाही. मग वाटल्यास आपल्या आजोबांचे घर कोठे होते, तेही सांगा. गावकूस दगडाचेच असते असे नाही. ते कागदाचेही असते, आणि कागदी गावकुसाला एकेक सहीने चिरा बसविला जातो. आपल्या हाताने तो बसू नये, एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.

जय भीम.