लिनक्स फुकट आहे, पण ते आपल्या वस्तीत पोहोचलंय का?

बजाजनगर म्हणजे वाळूज एमआयडीसीतल्या कामगारांची वसाहत. १९८०च्या दशकात बजाजचा कारखाना वाळूजला आला, मागोमाग इतर कंपन्या आल्या आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आपली माणसंही इथे आली. आई-बापांनी शिफ्टमध्ये घाम गाळून पोरं शिकवली. आज तीच पोरं आयटीआय, बी.एस्सी., बी.सी.ए. करून कंत्राटदाराच्या दारात उभी आहेत. त्यातली काही आम्हाला विचारतात, "लिनक्सची पहिली परीक्षा द्यायची आहे, अभ्यास कशातून करायचा?" प्रश्न कम्प्युटरचा वाटतो. आमचं म्हणणं असं की तो चळवळीचाही आहे.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स बनवायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते मुक्त परवान्याखाली आणलं. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. आज इंटरनेटचे बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात, आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. ज्या देशात शिकण्यावरच शतकानुशतकं बंदी होती, तिथे अशा खुल्या ज्ञानाचं मोल आपल्याइतकं कुणाला कळणार?

पण खुलं असणं आणि मिळणं यात अंतर असतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तळं कागदावर खुलं झालं, पाणी मात्र मिळेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो हक्क प्रत्यक्षात आला. लिनक्सच्या दारात कुणी काठी घेऊन उभं नाही हे खरं. पण इंग्रजी आहे, लॅपटॉपचा खर्च आहे, बारा-बारा तासांची ड्यूटी आहे आणि अडलं तर विचारायला घरात कुणी नाही.

याच अडचणीवर क्लासवाले दुकान थाटतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाने व्याजाने पैसे काढून फी भरली आणि हाती आल्या जुन्या अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स नोट्स. दुसरीकडे 'डम्प' विकले जातात, म्हणजे परीक्षेतले म्हणून सांगितलेले पाठ करायचे प्रश्न. ते परीक्षेच्या नियमात बसत नाहीत. शिवाय मुलाखतीत समोर काळी स्क्रीन ठेवली की पाठांतर उघडं पडतं.

मग करायचं काय? आधी परीक्षा ठरवा. अगदी नवख्यांसाठी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची 'लिनक्स इसेन्शियल्स' बरी. तिला कोणतीही पूर्वअट नाही. ६० मिनिटांत ४० प्रश्न, ८०० पैकी ५०० गुण मिळाले की पास, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. सध्याचा परीक्षा क्रमांक ०१०-१६० आहे. कोणतंही पुस्तक किंवा कोर्स घेताना आधी हा क्रमांक पडताळा. अभ्यासक्रमाचे भाग पाच, त्यांचा भार अनुक्रमे ७, ९, ९, ८ आणि ७. यातले दोन मोठे भाग सिस्टीममध्ये वावरणं आणि कमांड लाइन यांचे आहेत. म्हणजे नुसतं वाचून भागणार नाही, हात चालवावा लागेल.

साहित्य चार ठिकाणी आहे. एक, त्याच संस्थेचे धडे. ते अभ्यासक्रमाच्या क्रमानेच लिहिलेले आहेत आणि फुकट आहेत. दोन, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातली लिनक्सची चित्रफीत-मालिका. ती मराठीतही आहे, छोट्या भागांत आहे, थांबवत थांबवत सोबत करून पाहता येते. सुरुवात इथूनच करा. तीन, विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' हे पुस्तक. लेखकाने त्याची पीडीएफ मोफत दिली आहे. चार, लिनक्स फाउंडेशनचा 'इंट्रोडक्शन टू लिनक्स' हा कोर्स, तोही शिकायला फुकट. चारही एकदम उघडू नका. मराठी चित्रफितीतून समजून घ्या, अधिकृत धड्यातून इंग्रजी संज्ञा पक्क्या करा, कारण परीक्षा मराठीत नाही. अडलं तर शॉट्स उघडा. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली तरी सराव होतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, सर्टिफिकेटच्या मागे लागून पोरं आरक्षणाची लढाई विसरतील. ही भीती खोटी नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दाखवून दिलं की पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी येतात. लिनक्सचं सर्टिफिकेट आडनाव पुसत नाही, नोकरीची हमीही देत नाही. म्हणून खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी सोडायची नाही. पण ती मागणी मान्य होईपर्यंत आपल्या पोरांनी हात बांधून बसायचं का? आम्हाला ते पटत नाही. लढाई आणि अभ्यास हे आपल्याकडे कधीच वेगळे नव्हते.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढलं. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं, परिसर नागसेनवन झाला. मिलिंद राजाने विचारायचं आणि भन्ते नागसेनांनी उत्तर द्यायचं, ही आपली शिकण्याची रीत. मग आपल्या विहारात रविवारी दोन तास चार-पाच जण एका लॅपटॉपभोवती का बसू नयेत? एकाने धडा वाचावा, दुसऱ्याने करून दाखवावं, तिसऱ्याने प्रश्न विचारावा. शिफ्टवाल्यांसाठी वेळ बदलता येते. मुलींना घरून सोडत नसतील तर त्यांच्या आई-वडिलांनाही विहारात बोलवा. जयंतीच्या वर्गणीतून एक जुना लॅपटॉप आणि एकाची परीक्षा फी निघू शकते. डीजेवरचा एका रात्रीचा खर्च वाचवला तरी पुष्कळ झालं.

आणि जो पास होईल त्याने पुढच्या दोघांना शिकवायचं, एवढी एकच अट ठेवा.

जय भीम!