गोड ज्वारीचा रस आणि परवान्याची गाठ



इथेनॉल म्हटले की सगळे उसाकडे बघतात. आमच्या कोरडवाहू रानात ऊस नाही, ज्वारी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीचे ‘मधुरा’ वाण काढले. दाणे घरात, धांड्याच्या रसाचे इथेनॉल, चिपाडे गुरांना. पीक चार महिन्यांचे, पाणी उसापेक्षा कितीतरी कमी.

अडचण एक. हा रस काही तासांत नासू लागतो, म्हणून तो गावातच आंबवायला हवा. त्याचे तंत्र आहे. अल्जिनेटच्या द्रावणात यीस्ट कालवून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडले की साबुदाण्यासारखे मणी होतात, यीस्ट आत अडकते. मणी भरलेल्या टाकीतून रस सोडत राहायचे; तेच मणी पुन्हा पुन्हा कामाला येतात. वायूच्या जोराने काही फुटतात, ते बदलायचे. १०० किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ५१ किलो इथेनॉल मिळते.

मग घोडे अडले कुठे? २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे; पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय गाळता येत नाही.

आम्हाला अनुदान नको. गावच्या शेतकरी कंपनीला साध्या अर्जावर परवाना द्या. माल मोजा, कर घ्या. शेवटचे पाणी काढण्याचे काम मोठा कारखाना करील.

यीस्ट कोंडले तर ते जास्त काम देते. शेतकरी कोंडला तर तो कर्जात बुडतो.