विहिरीचा दर ठरवायच्या आधी विम्याचा कागद बघा



उन्हाळा लागला की आमच्या माण-खटावला, तिकडं आटपाडी-जतला विहिरी तळाला जातात आणि आपण यारीवाला शोधत फिरतो. पहिला प्रश्न ठरलेला, "परसाला किती घेणार?" मी पण तेवढंच विचारायचो.

चार वर्षांमागं दोन परस काम उक्तं दिलं. तिसऱ्या दिवशी वर येणाऱ्या बकेटमधनं दगड निसटला आणि तळातल्या गड्याच्या मांडीवर बसला. हाड मोडलं. ठेकेदार एकदा दवाखान्यात येऊन गेला, नंतर फोन बंद. गड्याची बायको लेकरू घेऊन आमच्या दारात बसली. तिचं काय चुकलं? गाभण म्हैस विकून मी बिल भागवलं. परसाला थोडे पैसे वाचवायला गेलो आणि दावण रिकामी झाली.

आपण म्हणतो, काम उक्तं दिलंय, माणसं त्याची, आपला काय संबंध? तसं नसतं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा होता, आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्या तरतुदी घेतल्यात. काम मालकाच्या धंद्याचा भाग असेल, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मालकाकडं मागता येते. ती नंतर ठेकेदाराकडनं वसूल करायचा हक्क मालकाला आहे, पण ज्याचा फोनच लागत नाही त्याच्याकडनं काय वसूल करणार? विहीर शेतीधंद्यात धरायची का नाही, यावर वकील भांडतील. तारखांना हेलपाटे मात्र आपलेच.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे की, असं कोणी म्हणेल. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे, ठेकेदाराच्या गड्यासाठी नाही. बँकेतला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा 18 ते 70 वयाच्या प्रत्येक गड्याचा असावाच. अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. पण पाय मोडून बरा झाला तर दवाखान्याचं बिल त्यातनं निघत नाही. म्हणून ठेकेदाराची कामगार भरपाईची पॉलिसी लागते.

आता मी इसार द्यायच्या आधी एवढं बघतो:

1. पॉलिसी ठेकेदाराच्याच नावावर आहे का, आणि काम संपेपर्यंत चालू आहे का.
2. त्यात विहीर खोदाई लिहिलीय का. सुरुंग लावायचा असेल तर तो धरलाय का, आणि लावणाऱ्याकडं परवाना आहे का.
3. किती माणसं धरल्यात. चौघांची पॉलिसी आणि विहिरीत सातजण, असं चालत नाही.
4. दवाखान्याचा खर्च धरलाय का. काही पॉलिसीत तो जादा पैसे भरून घ्यावा लागतो.
5. झेरॉक्सवर विश्वास नाही. पॉलिसी नंबर घेऊन विमा कंपनीच्या ऑफिसला विचारायचं.

मग साध्या कागदावर माणसांची नावं, दर, कामाची मुदत आणि दोघांच्या सह्या.

यारीवाले म्हणतात, "दादा, एवढं कोणी विचारत नाही." खरंय, म्हणूनच ते काढत नाहीत. त्यांचंही पोट हातावर आहे, आपण दर पाडून मागतो तवा विम्याला पैसे उरणार कुठनं? माझं मत स्पष्ट आहे. हप्त्याचे पैसे दरात धरून आपण द्यावेत, आणि पावती बघितल्याशिवाय माणूस विहिरीत उतरू देऊ नये. दर थोडा वाढंल, वाढू दे. पिकाचा विमा काढायला आपण रांगेत उभं राहतो. आपल्या विहिरीच्या तळाला उतरणारा माणूस पिकापेक्षा हलका आहे का?

यंदा ज्यांचं काम निघणार आहे त्यांनी आधी हे विचारा. तुमच्याकडं पॉलिसी दाखवणारा यारीवाला असंल तर खाली जरूर सांगा, पुढचं काम त्यालाच देऊ.