मिक्सर रुसला, पण कशावर?



परवाची गोष्ट. प्रार्थना संपते न संपते तोच आमच्या चौथीतली एक मुलगी धावत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मी आमचा मिक्सर दुरुस्त केला!" वर्गात एकच हशा पिकला. मी मात्र तिला फळ्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, "सांग पाहू, अगदी पहिल्यापासून."

तिची आई इडलीचं पीठ वाटून विकते. शनिवारी रात्री निम्मे तांदूळ वाटून झाले आणि मिक्सर एकदम गप्प! सकाळी सात घरी पीठ पोचवायचं होतं. रात्री कुठला दुरुस्तीवाला भेटणार? आई कपाळाला हात लावून बसली.

ही मुलगी म्हणाली, "आई, थांब. आपण डॉक्टरांसारखं करू." डॉक्टर आल्या आल्या पोट फाडतात का? नाही! आधी विचारतात, काय होतंय, कधीपासून, काय खाल्लं होतं. तिनंही तसंच केलं.

पहिला प्रश्न : घरात वीज आहे का? दिवा चालू होता. म्हणजे आहे.
दुसरा प्रश्न : त्या सॉकेटमध्ये येते का? मिक्सरचा प्लग काढून तिथं मोबाइलचा चार्जर लावला. चालला. म्हणजे सॉकेट ठीक.
तिसरा प्रश्न : भांडं नीट बसलंय का? बसलं होतं.

आता उरला खुद्द मिक्सर. प्लग काढलेलाच होता. भांडं उतरवलं आणि आईच्या मदतीनं मिक्सर उलटा केला. तळाशी एक लहानसं लाल बटण होतं, जरासं बाहेर आलेलं. अर्धा तास मिक्सर गार होऊ दिला, मग बटण दाबलं. टक्! प्लग लावला आणि मिक्सर घर्रर्र करत सुरू!

वर्गानं टाळ्या वाजवल्या. पण गोष्ट इथं संपली नाही, बरं का. दुसऱ्याच भांड्याला मिक्सर पुन्हा बंद पडला.

आता मला सांगा, ते लाल बटण असतं तरी कशासाठी? मिक्सरवर फार भार पडला, की पातं अडखळतं. मोटर जोर लावते, जास्त वीज ओढते आणि तापते. अशीच तापत राहिली तर आतली तांब्याची तार जळून जाईल. म्हणून आत एक पहारेकरी बसवलेला असतो. पुष्कळ मिक्सरांत हा पहारेकरी म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. मग पट्टी वाकते आणि विजेची वाट तोडते. इस्त्री पुरेशी तापली की तिचा दिवा आपोआप विझतो ना? तिथंही अशीच पट्टी काम करते.

म्हणजे मिक्सर बिघडला नव्हता. तो सांगत होता, "मला झेपत नाही!" मुलीनं भांड्यात डोकावून पाहिलं. घाईघाईत आईनं तांदूळ काठोकाठ भरले होते आणि पाणी घातलं होतं जेमतेम. तिनं तांदूळ निम्मे केले, पाणी वाढवलं, मिक्सर पुन्हा गार होऊ दिला. मग मात्र रात्री अकरापर्यंत तो निमूटपणे चालला. सकाळी सातही घरी पीठ वेळेवर पोचलं.

मी वर्गाला विचारलं, "मग मिक्सर दुरुस्त कशानं झाला? बटणानं की पाण्यानं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "विचारानं!" शाब्बास!

चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं नसतं, मुलांनो. हे मी फार महागात शिकले आहे. ती गोष्ट सांगते.

मी तेव्हा सातवीत होते. घरी नवी इस्त्री आली. तिचा प्लग तीन पिनांचा आणि आमच्या भिंतीवरचं सॉकेट दोन भोकांचं. मी हुशारी केली. करवतीच्या पात्यानं वरची जाड पिन कापून टाकली. प्लग बसला, इस्त्री तापली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

पाचसहा महिने गेले. जिथं वायर इस्त्रीत शिरते, तिथं ती वाकून वाकून आतल्या तारेचं वेष्टण झिजलं आणि तार इस्त्रीच्या धातूला टेकली. आई धुणं धुऊन ओल्या पायांनी आली, तिनं इस्त्रीला हात लावला आणि किंचाळून मागे फेकली गेली. हात झटकला गेला म्हणून ती वाचली. चार दिवस तिचा हात दुखत होता. मला कुणी एका शब्दानंही रागावलं नाही. त्याचंच मला जास्त रडू आलं.

ती जाड पिन अर्थिंगची असते. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब असते, म्हणजे आत शिरताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. वीज चुकून यंत्राच्या अंगावर आली, तर अर्थिंगच्या तारेतून तिला जमिनीकडे वाट मिळते, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो आणि वीज बंद होते. मी ती वाटच कापली होती. मग वीज इस्त्रीच्या अंगावरच बसून राहिली, कुणाचा तरी हात लागायची वाट पाहत!

तर आता आपली आखणी करू. तुम्ही काय करायचं? पाहायचं, ऐकायचं, वास घ्यायचा आणि प्रश्न विचारायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, म्हणजे बिघाड कुठं होता ते नेमकं कळतं. मिक्सर हलवायचा तो मोठं माणूस जवळ असताना, प्लग काढून आणि कोरड्या हातांनीच.

आणि काय करायचं नाही? स्क्रू उघडायचे नाहीत. जळका वास, ठिणगी किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर ती वस्तू परत लावून पाहायची नाही. त्या वस्तूला हात न लावता लगेच मोठ्यांना सांगायचं. आणखी एक, पंख्याच्या कपॅसिटरसारख्या भागात वीज बंद केल्यावरही काही काळ विद्युतभार साठून राहू शकतो. ते काम जाणत्या कारागिराचंच.

आईबाबांनाही एक विनंती. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालू नका. उडणं हेच त्याचं काम आहे. तो का उडतो, ते शोधून घ्या.

या रविवारचा अभ्यास : आईबाबांना बरोबर घेऊन घरातल्या सगळ्या प्लगांची पाहणी करा. कुणाची पिन तुटली आहे, कुणाची वायर चिरली आहे, याची यादी वहीत करा. हात मात्र लावायचा नाही!

ती कापलेली पिन मी अजून माझ्या कंपासपेटीत ठेवली आहे. दरवर्षी नव्या वर्गाला दाखवते. आज तुम्हालाही दाखवली, असं समजा.

तुमच्या
बाई