ज्याची नोंद नाही, त्याचे काय?



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "आमदाराचे पान विकिपीडियावर सापडते, मग नवे वाण काढणारा आपला शेतकरी का सापडत नाही? त्याचे पान आपणच लिहून टाकू." टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजवली नाही. का, ते सांगतो.

विकिपीडिया हा कोणालाही लिहिता येणारा ज्ञानकोश. इंग्रजीत २००१ पासून, मराठीत २००३ पासून. पण कोणाचे पान असावे, याला तिथे कसोटी आहे. माणूस किती गुणाचा, हे कोणी मोजत नाही. त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या भरवशाच्या वृत्तपत्रांनी, पुस्तकांनी त्याच्याविषयी पुरेसे लिहिले आहे का, एवढेच पाहतात. आमदाराविषयी कोणीतरी लिहिलेले असणारच, असे धरून चालतात.

नियम वाईट नाही. तो नसता तर प्रत्येक पुढाऱ्याच्या भाटाने एकेक पान भरले असते. आपणच आपल्या माणसाची स्तुती लिहिली, तर तीही भाटगिरीच ठरेल.

मग अन्याय कुठे आहे? लिहिणाऱ्यांची नजर जिथे जात नाही, तिथे. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड या शास्त्रज्ञ बाईंचे पान मे २०१८ मध्ये पुरेसे आधार नाहीत म्हणून नाकारले गेले. ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले! विद्यापीठातल्या बाईंची ही गत, तर बांधीत उभ्या असलेल्या माणसाला कोण विचारतो?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे घ्या. १९८३ साली त्यांना आपल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, जपल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या. त्यातून एचएमटी तांदूळ झाला. नाव पडले ते त्या काळच्या घड्याळावरून, दादाजींचे नव्हे! तांदूळ परराज्यांत गेला, माणूस गावातच राहिला. २००५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आले, तेव्हा लिहिणारे धावले. जून २०१८ मध्ये दादाजी गेले. पुरस्कार मिळाला नसता, तर आज त्यांच्यावर लिहायला आधार कुठून आणला असता?

आपल्याला हे नवे नाही. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली तरी सातबारावर नाव नसेल तर कचेरीत कोण उभे करतो? ज्ञानाचाही सातबारा असतो. त्यावर आपले नाव चढत नाही, कारण आपण पिकवतो आणि लिहून ठेवत नाही.

म्हणून खोटे पान नको, खरी नोंद हवी. वाण कोणी काढले, कोणत्या साली, कोणत्या गावात, एकरी उतारा किती, हे प्रत्येक तालुक्याने लिहून काढावे. वार्ताहराला आणि कॉलेजच्या मास्तरांना शेतावर बोलवावे. त्यांनी स्वतः पाहावे, मोजावे आणि पटले तरच छापावे. वाणाची नोंदणी २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याच्या नावाने करता येते, तीही करावी.

पान मग कोणीही लिहील. ते पुसण्याची हिंमत कोणाची होणार नाही.