सामाईक मेमरीचा हिशेब

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातील संगणक-विक्रेत्यांच्या दुकानांत पालकांची आणि विद्यार्थ्यांची जी वर्दळ सुरू होते, तीत विक्रेत्याच्या तोंडून एक आश्वासन हमखास ऐकू येते: 'लॅपटॉपातील ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी चार जीबी आहे, पण लागेल तशी रॅममधून आणखी आठ जीबी ते घेतेच, म्हणजे बाराच धरा.' या बेरजेत अंकगणिताची चूक शोधू गेल्यास ती सापडणार नाही, आणि तरीही त्या बेरजेवर विसंबून साठ-सत्तर हजार रुपये मोजणाऱ्या गृहस्थाची फसवणूक झाली असे म्हणण्यास मला यत्किंचितही संकोच वाटत नाही.

ज्या लॅपटॉपात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते, त्यातील प्रोसेसरच्या पोटातील इनबिल्ट ग्राफिक्सला स्वतःच्या मालकीची मेमरी नसतेच. त्याचा सारा निर्वाह मुख्य रॅमवर चालतो. बायोसमध्ये त्याच्यासाठी काही भाग, बहुधा ५१२ एमबी, आरंभीच राखून ठेवलेला असतो, आणि त्याखेरीज गरजेप्रमाणे एकूण रॅमच्या साधारण निम्म्यापर्यंत उचल करण्याची मुभा विंडोज त्याला देते. म्हणूनच सोळा जीबीच्या यंत्रात टास्क मॅनेजर उघडला असता 'शेअर्ड' या सदराखाली आठाच्या आसपासचा आकडा झळकतो. तो आकडा उचलीची मर्यादा सांगतो. कोठे शिल्लक पडलेला ऐवज सांगत नाही. पुष्कळ विद्यार्थी कोणाच्या तरी सल्ल्यावरून बायोसमध्ये शिरतात, त्या ५१२ एमबींचे दोन जीबी करतात, आणि आता गेम वेगाने चालेल अशा अपेक्षेने यंत्र पुन्हा सुरू करतात. दाराशीच राखीव मेमरीची चौकशी करून प्रवेश नाकारणारे काही गेम आहेत, त्यांच्यापुरता या खटाटोपाचा उपयोग होतो हे मान्य केले पाहिजे. एरवी वेग होता तेथेच राहतो, आणि मूळ रॅम आठच जीबी असेल तर राखीव भागाला मुकलेली विंडोज व ब्राउझर यांची मात्र ओढाताण सुरू होते.

पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी पाणी साठले हे रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचणाऱ्या पुणेकरास याचे कारण समजावून सांगणे अवघड नाही. सुमारे २९ टीएमसीची ती साखळी काठोकाठ भरली तरी घरात येणारे पाणी जलवाहिनीच्या व्यासावरच अवलंबून असते, आणि त्या साठ्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क लागू असतो, हे त्यास पुरते ठाऊक आहे. मेमरीच्या व्यवहारातही साठा किती आणि वहन किती ही दोन प्रकरणे अगदी भिन्न असून, चित्रे रेखाटण्याच्या कामात बहुतेक वेळा निकाल लागतो तो वहनावर. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला अधिकात अधिक २५.६ जीबी माहिती वाहून नेता येते, आणि तीही प्रोसेसर व ग्राफिक्स यांनी वाटून घ्यावयाची असते. उलट आरटीएक्स ३०५० या लॅपटॉपातील बेताच्या कार्डाला स्वतःच्या चार जीबी मेमरीशी सेकंदाला १९२ जीबी इतक्या वेगाने व्यवहार करता येतो. ते चार जीबी भरून कार्डाने मुख्य रॅमकडे हात पसरला की मधला मार्ग असतो पीसीआय एक्सप्रेसचा, आणि चौथ्या पिढीच्या आठ मार्गिकांतून एका दिशेने जेमतेम १६ जीबी जाते. विक्रेत्याने सांगितलेल्या बारा जीबींपैकी आठ जीबी अशा रीतीने फार तर बाराव्या हिश्शाच्या वेगाने हाती येणार; पडद्यावरील चित्र अडखळू लागते ते येथेच.

इनबिल्ट ग्राफिक्स असलेल्या यंत्राचा वेग खरोखर वाढवावयाचा असेल तर त्यावर उपाय आहे, आणि तो बायोसमध्ये नसून यंत्राच्या तळाशी असलेल्या रॅमच्या दुसऱ्या, बहुधा रिकाम्या ठेवलेल्या स्लॉटमध्ये आहे. एकाऐवजी दोन पट्ट्या बसवल्या की दोन मार्ग एकदम खुले होतात आणि २५.६ चे ५१.२ होतात. २०२० मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांत तर इंटेलने हे नावातच उतरवले: मेमरीचे दोन्ही मार्ग वापरात असतील तर ग्राफिक्सचे नाव आयरिस एक्सई, आणि एकच पट्टी असेल तर त्याच चिपचे नाव यूएचडी. दुकानात मांडलेली स्वस्त यंत्रे बहुधा एकाच पट्टीची का असतात, आणि 'एक स्लॉट पुढे वाढवायला मोकळा आहे' ही उणीव सोय म्हणून कशी सांगितली जाते, याचा खुलासा वाचकाने स्वतःच करून घ्यावा.

ही मखलाशी आजची नव्हे. १९९८ मध्ये इंटेलने आय-७४० हे कार्ड बाजारात आणले, त्यात पृष्ठभागांची चित्रे मुख्य रॅममधून आणण्याची तजवीज होती, आणि ते मंद ठरून मागे पडले. २००४ मध्ये एनव्हिडियाच्या टर्बोकॅश कार्डांवर स्वतःची मेमरी १६ किंवा ३२ एमबी असताना जाहिरातीत १२८ एमबीचा उल्लेख येई. याच पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा त्यातील प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला स्वतःची मेमरी देऊन, परस्परांशी निरोपांची देवघेव करण्याची रचना स्वीकारली होती. कारण अनेक प्रोसेसर एकाच मेमरीच्या दारात उभे राहिले की रांग लागते. सामाईकपणाची किंमत किती पडते याचा हिशेब ज्या शहरात इतक्या वर्षांपूर्वी मांडला गेला, तेथे आज ग्राहकाला ती किंमत नफ्याच्या बाजूस दाखवली जावी, हा विरोधाभास मजेदार खरा.

सामाईक मेमरी सर्वस्वी त्याज्य आहे, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. ॲपलने २०२० मध्ये एम१ चिप आणली तीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर नांदतात, आणि पुढच्याच वर्षीच्या एम१ मॅक्समध्ये त्या मेमरीचा मार्ग सेकंदाला ४०० जीबी इतका रुंद केलेला होता; मार्ग आधी रुंद केला असल्यामुळेच तेथील सहवास सुखाचा झाला. भाषेची मोठी प्रतिमाने आपल्याच यंत्रावर चालवू पाहणाऱ्यांना तर वेगाआधी साठ्याची चिंता असते, कारण प्रतिमान मेमरीत मावलेच नाही तर पुढचा प्रश्नच उद्भवत नाही. फक्त अशा यंत्रांत मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते, आणि खरेदीच्या दिवशी कमी घेतलेली मेमरी पुढे कोणत्याही उपायाने वाढत नाही, हे आधी सांगितले गेले पाहिजे.

आणि सांगणे हाच तर वादाचा मुद्दा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम उभे केले ते याच शहरात, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या करून त्यांची दखल घेण्यासाठी केंद्रीय प्राधिकरणाचीही व्यवस्था केली आहे. असे असता, लॅपटॉपच्या खोक्यावर कार्डाची स्वतःची मेमरी आणि रॅममधून घेता येणारी उचल हे दोन आकडे बेरीज न करता वेगवेगळे छापावेत, रॅमच्या पट्ट्या किती आहेत, किती बदलता येतात आणि मेमरीचा मार्ग सेकंदाला किती जीबीचा आहे हेही त्याच खोक्यावर द्यावे, एवढी सक्ती करण्यास नव्या कायद्याची गरज पडू नये. तोवर पालकांनी दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या सदरात दोनपैकी किती स्लॉट वापरात आहेत ते पाहावे, आणि एकच असेल तर दुसऱ्या पट्टीची किंमत त्याच पावतीत धरून मगच दुसऱ्या यंत्राशी तुलना करावी.