भाडं हीच पेन्शन, मग तिचा विमा का नाही?

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत एक गणित घरोघर सारखंच दिसतं. कर्ता माणूस कुवेत, दुबई किंवा सौदीला गेला, वीस-पंचवीस वर्षं राबला. तिथल्या नोकरीला पेन्शन नाही. बँकेत मुदत ठेव ठेवावी तर व्याजाचा प्रश्न. म्हणून त्याने गावात, नाहीतर मुंब्रा-पनवेलकडे एक-दोन खोल्या घेतल्या आणि भाड्याने दिल्या. आज त्याचं म्हातारपण, किंवा त्याच्या मागे राहिलेल्या बायकोचा संसार, त्या भाड्यावर चालतो. कष्टाची, हलाल कमाई आहे ही.

पण ही सगळी कमाई एका छताखाली अडकलेली असते आणि त्या छताचा विमा नसतो. का नाही असं विचारलं की साधारण तीन उत्तरं मिळतात. सोसायटीचा विमा आहे. करार केलाय, डिपॉझिट घेतलंय. आणि विमा आपल्यात जायज नाही. ही तिन्ही उत्तरं एकदा नीट तपासायला हवीत.

पहिलं उत्तर सोसायटीचं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायला सांगितलं आहे. तो खरंच काढला आहे का, दरवर्षी त्याचा हप्ता भरला जातो का, हे किती सभासद विचारतात? आणि काढला असला तरी त्यात पूर धरला आहे का ते पाहावं लागतं. तुमच्या फ्लॅटमधलं सामान आणि बुडालेलं भाडं त्यात सहसा येत नाही.

दुसरं उत्तर कराराचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार हवाच. पण करार घर वाचवत नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ६२ नुसार जागाच नष्ट झाली तर लायसन्स संपतं. राहायला जागा नाही तर भाडं कोण देणार? आणि दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटमधून भिंत उभी राहत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर द्यायला हवं. व्यापारी विम्यात गरर म्हणजे अनिश्चितता, जुगाराचा अंश आणि व्याज आहे, असा आक्षेप उलमांनी घेतला आहे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकॅडमीने १९८५ साली व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्यावरचा विमा मान्य केला. मलेशियाने त्याआधीच, १९८४ साली, अशा तकाफुलसाठी कायदा केला होता. भारतात मात्र तकाफुल कंपनी नाही.

पण चर्चा तिथे संपत नाही. लखनौला नदवतुल उलमाच्या मजलिस-ए-तहकीकात-ए-शरइयाने १९६५ सालीच हा प्रश्न हाती घेतला आणि गरजेच्या परिस्थितीत विम्याला वाट ठेवली. पुढे काझी मुजाहिदुल इस्लाम कासमी यांनी स्थापन केलेल्या इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही देशातल्या दंगलींचा विचार करून जान-मालाच्या विम्याला सवलत दिली. १९७० आणि १९८४ ची भिवंडी किंवा १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली, त्यांना ही गरज काय ते वेगळं सांगायला नको. आजही यावर मतभेद आहेत. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या मुफ्तींना जरूर विचारावं. पण विचारावं! माझी तक्रार एवढीच आहे की आपल्यातले बरेच जण विचारतच नाहीत. मोटारसायकलचा विमा पोलिसाच्या धाकाने काढतात आणि घराच्या विम्याची वेळ आली की तवक्कुल आठवतो. उंट बांधण्याची हदीस आपण मुलांना शिकवतो. ती घरालाही लागू आहे.

आता विमा म्हणजे नेमकं काय ते पाहू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देशभर लागू झाली. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल आणि जाणूनबुजून केलेली नासधूस यांत येते. घर राहण्यालायक उरलं नाही तर ते दुरुस्त होईपर्यंत मालकाचं बुडालेलं भाडंही ठरलेल्या मर्यादेत मिळू शकतं. भाड्यावर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक आहे.

रक्कम ठरते ती बाजारभावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर. समजा चटई क्षेत्र ५०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर २,००० रुपये, तर विम्याची रक्कम १० लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. याची कमाल मर्यादा १० लाख आहे. साध्या पक्क्या घराचा वर्षाचा हप्ता सहसा एका महिन्याच्या भाड्याहून बराच कमी असतो.

जे मिळत नाही तेही समजून घ्या. भाडेकरूने भाडं थकवलं तर ही पॉलिसी ते देत नाही. जुनाट झीज, गळती, निकृष्ट बांधकामामुळे खचलेली इमारत यांचे पैसे मिळत नाहीत. कच्च्या पायावर उभ्या केलेल्या इमारती विम्याने पक्क्या होत नाहीत. पॉलिसी राहत्या घराची असेल आणि आत शिलाईचा कारखाना किंवा गोदाम चालत असेल, तर दावा अडकणारच. दुकानासाठी, गाळ्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. म्हणून घर भाड्याने दिलं आहे, हे फॉर्म भरतानाच स्पष्ट लिहा.

आणि भाडेकरूचं काय? मालकाच्या पॉलिसीत भाडेकरूचा फ्रीज, गाद्या, मुलांची पुस्तकं येत नाहीत. त्याला फक्त सामानाचा विमा स्वतःच्या नावाने काढता येतो. घर देताना मालकाने हे त्याला सांगायला हवं. करारात एक ओळही घालायला हवी की पूर, आग, भूकंपाने झालेलं नुकसान डिपॉझिटमधून कापलं जाणार नाही. ज्याचं सगळं वाहून गेलं त्याच्याकडूनच रंगकामाचे पैसे घेणं कायद्याच्या भाषेत कसंही बसवता येईल, इन्साफमध्ये बसत नाही. मालकाचा विमा असेल तर त्याच्यावर ही वेळ येणार नाही.

चिपळूण आणि महाडमध्ये २२ जुलै २०२१ रोजी पाणी शिरलं, तेव्हा भारत गृह रक्षा लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते. चिपळूणकरांनी २००५ चा जुलैही पाहिला होता. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या काठची घरं तिथेच आहेत आणि त्यांतली कितीतरी भाड्याने दिलेली आहेत. पुढच्या पावसाळ्याआधी एक रविवार काढा. नोंदणीकृत करार, घरपट्टीची पावती आणि खोल्यांचे फोटो एका पिशवीत ठेवा. सोसायटीच्या सचिवांकडे पॉलिसीची प्रत मागा. मशिदीच्या इमामसाहेबांशी बोला. आणि घरातली बाई त्या भाड्यावर जगत असेल तर पॉलिसी कुठे ठेवली आहे आणि दावा करायला कुठे फोन करायचा, हे तिला आधी सांगून ठेवा.